सोयाचा फंडा: किती खरा, किती डब्यावरचा?

वर्षातून एकदा ऑफिसात हेल्थ चेकअपचा कॅम्प लागतो. सकाळी उपाशीपोटी रांग, दंडावर कापसाचा बोळा, मग कॅफेटेरियातला फुकटचा ब्रेकफास्ट आणि चार दिवसांनी मेलबॉक्समध्ये रिपोर्ट. पूर्वी हिमोग्लोबिन आणि शुगर बघून लोक तो बंद करायचे. हल्ली तिशीच्या आतबाहेरची मंडळीसुद्धा थेट ‘लिपिड प्रोफाइल’पर्यंत स्क्रोल करतात, कारण ठळक अक्षरांतला आकडा नेमका तिथेच असतो.

आणि मग? डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेण्याआधी सुपरमार्केटची चक्कर होते. ट्रॉलीत ओट्स पडतात, ग्रीन टी पडतो आणि त्यांच्या शेजारी हमखास सोया. सोया मिल्क, सोया चंक्स, सोया प्रोटीनचा मोठा डबा. डब्यावर लाल बदाम काढलेला असला की झालंच! कोलेस्टेरॉल आणि सोया ही जोडी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलीय की एकाला बघून दुसऱ्याची आठवण येते, जशी पावसाला बघून कांदाभजीची.

ही जोडी जमवली कुणी, आणि ती टिकली का, हे शोधायचं मी ठरवलं त्याला एक कारण होतं. हिंजवडीत काम करणारा माझा एक मित्र. वय तीस. अंगाने सडपातळ, सिगारेट नाही, रविवारी सिंहगड. आणि एलडीएल २१४! डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. याने प्रिस्क्रिप्शन घडी घालून पाकिटात ठेवलं आणि मला म्हणाला, “अरे, तिसाव्या वर्षी कोण गोळ्या सुरू करतं? आधी तीन महिने सोया करून बघतो. रिसर्च आहे त्यावर.”

रिसर्च खरोखरच आहे, आणि तो थोडाथोडका नाही. भानगड तिथेच आहे.

आधी थोडं रक्तातलं गणित

कोलेस्टेरॉल हे विष नाही. पेशींच्या भिंती, हार्मोन्स, पित्त हे सगळं बनवायला ते लागतं, आणि त्यातलं बरंचसं आपलं लिव्हर स्वतःच तयार करतं. तेलकट असल्यामुळे ते रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रोटीनच्या वेष्टनात गुंडाळून त्याची वाहतूक होते. एलडीएल ही त्यातली डिलिव्हरी व्हॅन. या व्हॅन्स रस्त्यावर जास्त झाल्या की रक्तवाहिन्यांच्या अस्तरात घुसून अडकतात आणि वर्षानुवर्षं तिथे थर साचत जातो. जादा व्हॅन्स परत उचलून घेण्याचं कामही लिव्हरच करतं. त्याच्या पेशींवर त्यासाठी खास दारं असतात, त्यांना म्हणतात एलडीएल रिसेप्टर. दारं जास्त, तर रक्तातलं एलडीएल कमी. बहुतेक औषधांचा खेळ शेवटी या दारांपाशीच येऊन थांबतो, आणि सोयाबद्दलचा दावाही तिथलाच आहे.

किती असावं? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतःच्या गाइडलाइन्स काढल्या. कमी धोका असलेल्या सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १००च्या खाली असावं असं त्या म्हणतात. धोका जास्त असेल तर ७०च्या खाली, आणि हार्टचा त्रास आधीच होऊन गेलेल्यांसाठी त्याहून कमी. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे तुमच्या रिपोर्टवर असतात त्याच मापात. त्यामुळे रिपोर्टच्या उजव्या कॉलममध्ये ‘नॉर्मल १३० पर्यंत’ असं छापलेलं असलं, तरी त्याच्या भरवशावर राहू नका.

सशापासून डब्यापर्यंत

सोयाची गोष्ट सशांपासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रशियात सशांना मांस, अंडी आणि दूध खायला घालून त्यांच्या रक्तवाहिन्या खराब होतात का, हे पाहिलं गेलं होतं. पुढे प्रयोगशाळांत एक गोष्ट वारंवार दिसली. सशाला दुधातलं प्रोटीन दिलं की कोलेस्टेरॉल चढतं आणि सोयाचं दिलं की उतरतं. ससा बिचारा मुळात गवत खाणारा, त्यामुळे त्याच्यावरून माणसाचं काही ठरत नाही. पण १९७७ मध्ये इटलीतल्या मिलान इथल्या सिर्तोरी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये थेट पेशंटवरचा अनुभव छापला. कोलेस्टेरॉल खूप जास्त असलेल्या लोकांच्या आहारातलं प्राणिज प्रोटीन काढून त्या जागी सोया दिला, आणि आकडा चांगलाच खाली आला.

मग आलं १९९५. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे जेम्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या ३८ चाचण्यांची एकत्र गोळाबेरीज केली. ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली, म्हणजे मेडिकल जगातल्या फ्रंट पेजवरच म्हणा. निष्कर्ष होता एलडीएलमध्ये जवळजवळ १३ टक्के घट! ट्रायग्लिसराइड्सही सुमारे १० टक्के कमी. ज्यांचं कोलेस्टेरॉल मुळात जास्त, त्यांना फायदाही जास्त. माझ्या मित्राने वाचलेला ‘रिसर्च’ तो हाच, आणि शेवटचं वाक्य त्याने स्वतःसाठीच लिहिलंय असं समजून वाचलं होतं.

त्यानंतरची चार वर्षं सोया उद्योगाची दिवाळी. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन म्हणजे एफडीए (आपलं वांद्र्याचं नव्हे!) याच्याकडे सोया प्रोटीन बनवणाऱ्या एका कंपनीने अर्ज केला, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये परवानगी मिळाली. सॅच्युरेटेड फॅट आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराबरोबर रोज २५ ग्रॅम सोया प्रोटीन घेतलं तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर छापायला हरकत नाही. वाक्य नीट वाचलंत तर त्यात अटीच जास्त आहेत. पण पाकिटाच्या पुढच्या बाजूला अटींना जागा कुठे? तिथे आला बदाम.

तेरावरून तीनवर

सायन्स मात्र डबा छापून झाला म्हणून थांबत नाही. जास्त काटेकोर चाचण्या होत गेल्या, तसतसा १३चा आकडा वितळायला लागला. २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने २२ चाचण्या पुन्हा तपासल्या. त्यांत लोकांनी रोज सरासरी ५० ग्रॅम सोया प्रोटीन घेतलं होतं, आणि एलडीएलमधली घट होती साधारण ३ टक्के. एचडीएलवर परिणाम नाही, ट्रायग्लिसराइड्सवर नाही, ब्लडप्रेशरवरही नाही. सोयातल्या ज्या आयसोफ्लेव्हॉन्सवर सगळ्यांचा संशय होता, म्हणजे हेच जादू करत असणार असं वाटत होतं, त्यांच्यात एलडीएल उतरवण्याचा गुण दिसला नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०१० मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये सांगितलं की सोया प्रोटीनमुळेच कोलेस्टेरॉल उतरतं हा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. आणि २०१७ मध्ये खुद्द अमेरिकन एफडीएने स्वतःच दिलेली १९९९ची परवानगी मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. असा एखादा हेल्थ क्लेम काढून टाकायचा प्रस्ताव त्यांनी मांडण्याची ती पहिलीच वेळ.

मग सोया फ्लॉप? तसंही नाही. एफडीएने ज्या ४६ चाचण्यांचा विचार केला होता, त्यांचीच आकडेमोड टोरंटोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये करून दाखवली. रोज साधारण २५ ग्रॅम सोया प्रोटीनने एलडीएल सरासरी ३.२ टक्क्यांनी, म्हणजे पावणेपाच पॉइंटनी खाली येतं. फरक लहान आहे, पण तो योगायोग म्हणून झटकून टाकता येत नाही. मला स्वतःला हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं.

फरक पडतो तो का, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. सोयातल्या बीटा-कॉनग्लिसिनिन नावाच्या प्रोटीनचे तुकडे लिव्हरच्या पेशींवरची ती दारं वाढवतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण परीक्षानळीतल्या पेशी आणि मिसळपाव खाऊन आलेला माणूस यांच्यात बरंच अंतर असतं.

आता हे रिपोर्टवर आणून बघा. एलडीएल १५० असेल तर सोयाने ते होणार १४५. एवढा फरक वेगवेगळ्या दिवशी रक्त दिलं तरी पडू शकतो. आणि स्टॅटिन गटातली मध्यम ताकदीची गोळी तेच एलडीएल ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते. गोळ्यांवरच्या मोठमोठ्या चाचण्यांतून निघालेला ढोबळ हिशेब असा, की एलडीएल साधारण ३९ पॉइंटनी उतरलं तर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. ३९ कुठे आणि ५ कुठे!

मित्राचे तीन महिने

त्याने मनापासून केलं, हे मान्य करायला हवं. सकाळी सोया प्रोटीनचा शेक, डब्यात सोया चंक्सची भाजी, संध्याकाळी सोया मिल्क. कॅफेटेरियातले समोसे बंद. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, एलडीएल २०३. तो खूश होता. “बघ, उतरलं ना!” अकरा पॉइंट. त्यातले किती सोयाचे आणि किती समोशांचे, देव जाणे.

डॉक्टर मात्र खूश नव्हते. त्यांनी एक प्रश्न विचारला, जो कॅम्पच्या रिपोर्टने कधीच विचारला नव्हता. घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास झालाय का? याच्या वडिलांची बायपास झाली तेव्हा त्यांचं वय होतं ४५. थायरॉइडची टेस्ट करून झाली, कारण थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतं. ती नॉर्मल आली. तेव्हा उरली ती शक्यता म्हणजे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सोपा आहे. ती लिव्हरवरची दारंच जन्मापासून कमी किंवा बिघडलेली. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हे असतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. १९०च्या वर एलडीएल आणि घरात कमी वयात हार्टचा इतिहास अशी जोडी दिसली की डॉक्टरांच्या डोक्यात पहिली घंटा हीच वाजते. यात माणूस जाडा असेलच असं नाही. सिंहगड कितीही वेळा चढा, दारं वाढत नाहीत.

आईवडिलांपैकी एकाला हा प्रकार असेल तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. म्हणून धाकट्या भावाचीही टेस्ट करायला सांगितली. वय २६, नवी नोकरी, आणि एलडीएल २००च्या वर. त्याला तर हे कधी कळलंच नसतं, कारण त्याच्या कंपनीत कॅम्पच होत नाही.

गोळी सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी मित्राचा आकडा ११२ आला. तो अजून खाली आणायचाय म्हणून डोस बदलायचं चाललंय. सकाळचा शेक त्याने सोडलेला नाही. डॉक्टरांनीही सोडायला सांगितलं नाही. त्यांची हरकत सोयाला नव्हतीच, पाकिटातल्या घडी घातलेल्या कागदाला होती.

सोया आला, पण गेलं काय?

संशोधनातला मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेला भाग हा, आणि नेमका तोच डब्यावर कधी छापला जात नाही. टोरंटोचेच डेव्हिड जेनकिन्स, ज्यांच्या टीमने ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही कल्पना १९८१ मध्ये मांडली, त्यांनी २०१० मध्ये सोयाच्या परिणामाचे दोन भाग पाडले. एक सोयाचा स्वतःचा, सुमारे ४ टक्के. दुसरा, सोया ताटात आल्यामुळे जे ताटातून बाहेर गेलं त्याचा. अमेरिकन माणसाच्या ताटातून बाहेर जातं बीफ, चीज, फुल क्रीम दूध, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट. त्या जाण्याचा फायदा आणखी साडेतीन ते सहा टक्के. दोन्ही मिळून आठ-दहा टक्क्यांपर्यंत मजल जाते.

आता आपल्या ताटात डोकावू. सदाशिव पेठेतल्या किंवा डोंबिवलीतल्या शाकाहारी घरात सोया चंक्सची भाजी कुणाच्या जागी येते? बहुतेकदा मटकीच्या उसळीच्या. नाहीतर चवळीच्या, वालाच्या, कधी आमटीच्या. म्हणजे एक बिनफॅटचं, फायबरवालं कडधान्य गेलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं. त्यात दुसरा फायदा जवळपास शून्य. उलट मटकीतलं विरघळणारं फायबर गेलं ते गेलंच.

तोच सोया जर शुक्रवारच्या पनीर बटर मसालाच्या जागी आला, तर गोष्ट वेगळी. शंभर ग्रॅम पनीरमध्ये वीसेक ग्रॅम किंवा त्याहून जास्त फॅट, आणि त्यातलं बहुतेक सॅच्युरेटेड. रविवारच्या मटणाऐवजी महिन्यातून दोनदा सोया खिमा झाला, किंवा चार वाजताच्या वडापावऐवजी भाजलेले सोयाबीनचे दाणे, तरी फायदा आहे. थोडक्यात काय, तर सोया विकत घेताना प्रश्न ‘यात किती प्रोटीन?’ एवढाच नसतो. ‘हा घरात आला की बाहेर कोण जाणार?’ हेही विचारायला हवं.

आपल्याकडे आणखी एक गोची आहे. आयसीएमआरच्या मदतीने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीत महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगडमधल्या लोकांचं रक्त तपासलं गेलं. २०१४ मध्ये छापून आलेले आकडे बघा. एचडीएल कमी असलेले ७२ टक्के, ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेले जवळजवळ ३० टक्के, आणि एलडीएल जास्त असलेले १२ टक्के. सोया ज्याला हात लावतो तो घटक बिघडलेले सगळ्यात थोडे. बाकी दोघांची मुळं आपल्या ओळखीचीच आहेत. ताटातला भाताचा डोंगर, मैदा, साखर, नऊ तास खुर्ची. ट्रायग्लिसराइड्स ३०० असलेल्या माणसाने चॉकलेट फ्लेवरचं गोड सोया मिल्क पिणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणं. अशा लोकांनी रिपोर्टवर टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून बघावं. या ‘नॉन-एचडीएल’चा आकडा १३०च्या खाली असावा असं त्याच २०२४च्या गाइडलाइन्स सांगतात.

टोरंटोतली भेंडी

एकटा सोया कमी पडतो, पण टोळीत त्याची किंमत वाढते. जेनकिन्स यांनीच २००३ मध्ये ४६ लोकांवरच्या चाचणीत एका गटाला महिनाभर एक खास आहार दिला. त्यात सोया होता, बदाम होते, ओट्स, बार्ली आणि इसबगोल होतं, वनस्पतींतले स्टेरॉल्स घातलेलं मार्जरिन होतं, आणि, वाचून मी उडालेच, भेंडी आणि वांगी! चिकट फायबरसाठी. याला ‘पोर्टफोलिओ डाएट’ म्हणतात, म्युच्युअल फंडासारखं, पैसे एकाच शेअरमध्ये न घालता सगळीकडे थोडेथोडे. महिन्याअखेर एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. शेजारच्या गटात साध्या लो-फॅट आहाराबरोबर स्टॅटिन घेणाऱ्यांचं ३१ टक्के. म्हणजे जवळजवळ बरोबरी!

पण जेवण आयतं मिळत होतं. २०११ मध्ये हाच आहार घरी, स्वतःचा स्वतः, सहा महिने करायला सांगितला तेव्हा घट आली १३-१४ टक्के. तुम्ही-आम्ही माणसं आहोत, सहा महिन्यांत लग्नसराई येते, गणपती येतात. तरी १३ टक्के हा काही वाईट आकडा नाही. १९९५ मध्ये एकट्या सोयाच्या नावावर जे जमा झालं होतं, तेवढं मिळवायला सोयाबरोबर भेंडी, बदाम आणि इसबगोल असे सगळे लागले एवढंच.

आणि यातलं बरंचसं आपल्या वाण्याकडे आहे. इसबगोल तर आजोबांच्या कपाटात असतंच, फक्त त्याचं काम पोट साफ करण्यापुरतं आहे असं आपण धरून चाललोय. त्याच्या फायबरलाही अमेरिकन एफडीएने १९९८ मध्ये हृदयाच्या बाबतीत सोयासारखाच दावा मंजूर केला होता. ग्लॅमर नाही बिचाऱ्याला, दुसरं काय!

दुकानातला सोया

सोया आपल्याला अमेरिकेने शिकवला असं वाटत असेल तर थांबा. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी जेवणात सोयाबीन वापरून बघितलं होतं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलंही होतं. आज लातूर, वाशीम, अकोला या भागात पावसाळ्यात मैलोन्‌मैल सोयाबीनच असतं. गंमत अशी की यातला फार थोडा सोया आपण सोया म्हणून खातो. बहुतेक माल तेलाच्या गिरणीत जातो. तेल निघतं पाचवा हिस्सा, आणि प्रोटीनने भरलेली पेंड जाते कोंबड्यांना. मराठवाड्यातलं सोया प्रोटीन आपल्या पोटात येतं ते चिकन आणि अंड्याच्या रूपात.

दुकानात ‘सोया’ हा शब्द कशावरही चिकटवलेला असतो. सोयाबीन तेलात प्रोटीन नसतंच. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये असतं ते मुख्यतः मीठ. सोया स्टिक्स तळलेल्या असतात, नावात काहीही असो. सोया चाप म्हणजे सोयाबरोबर मैदा, आणि ‘मलाई चाप’ मागवलीत तर वरून क्रीम आणि बटर, म्हणजे जे बाहेर जायला हवं होतं तेच पुन्हा आत. फ्लेवर्ड सोया मिल्कच्या पाकिटावर साखर किती ग्रॅम आहे ते बघाच. बिनसाखरेच्या मोठ्या ग्लासात प्रोटीन मिळतं सातआठ ग्रॅम. २५ ग्रॅम गाठायला तीन ग्लास लागतील.

खरा स्वस्त आणि मस्त माल म्हणजे ज्याला आपण ब्रँडच्या नावाने सरसकट ‘न्यूट्रेला’ म्हणतो ते चंक्स आणि त्यांचाच चुरा, ग्रॅन्युल्स. तेल काढून घेतलेल्या सोया पिठापासून ते बनतात, म्हणून फॅट नगण्य आणि शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन पन्नासच्या वर. म्हणजे कोरडे पन्नास ग्रॅम घेतले की २५ ग्रॅम प्रोटीनचा कोटा पूर्ण. भिजल्यावर मात्र हे पन्नास ग्रॅम भलंमोठं भांडं भरतात, आणि रोज एवढं खाणं जमेल असं मला वाटत नाही. आठवड्यातून तीनचार वेळा जमलं तरी पुष्कळ. गव्हात सोयाबीन घालून दळून आणायची पद्धत अनेक घरांत आहे, तीही चांगली. फक्त दाणे आधी नीट भाजून किंवा उकडून वाळवून घ्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात आणि तो वासही कच्चेपणाचाच.

जिममधली मुलं सोया म्हटलं की कुजबुजतात, “अरे, त्याने टेस्टोस्टेरॉन उतरतं.” सोयातल्या आयसोफ्लेव्हॉन्सची रचना थोडी इस्ट्रोजेनसारखी आहे, तिथून हे सुरू झालं. पण २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुरुषांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा टेस्टोस्टेरॉनवर काही परिणाम दिसला नाही. खरी काळजी घ्यायची ती थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी. सोया त्या गोळीचं शोषण अडवू शकतो, तेव्हा सकाळची गोळी आणि सोया शेक एकत्र नकोत. मध्ये किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि सोयाची अॅलर्जी असणारेही असतात, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

राहता राहिली चव. सोया चंक्स स्पंजसारखे लागतात ही तक्रार रास्त आहे, पण दोष निम्मा आपल्या घाईचा. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, गार पाण्यात काढा, घट्ट पिळा, आणि पुन्हा एकदा पाण्यात घालून पिळा. दुसऱ्यांदा पिळलं की वास जातो. खिम्यासाठी ग्रॅन्युल्सही असेच. मग दोन चमचे तेलात भरपूर कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, कांदा-लसूण मसाला, मूठभर मटार. शेवटी लिंबू. बरोबर पाव नको, ज्वारीची भाकरी घ्या. मी हा खिमा रविवारी रात्री करून ठेवते. दुसऱ्या दिवशी डब्यात तो जास्त चांगला लागतो, कारण मसाला आतपर्यंत मुरलेला असतो.